नळीतला उजेड

गोष्ट सुरू झाली ती एका घडीच्या खुर्चीपासून. भुताटकीच्या गोष्टीला म्हणे मध्यरात्र लागते, वारा लागतो, लांब कुठेतरी कुत्रं रडावं लागतं. इथे यातलं काहीच नव्हतं. लख्ख दुपार होती, दीड वाजला होता, नेमबाजी क्लबच्या मैदानावर रंगीत पताका फडफडत होत्या आणि मिस्त्रींच्या बायकोचे गुडघे दुखत होते. चार वाजता त्यांच्या लेकीची अंतिम फेरी होती. लाकडी बाकावर दोन तास बसायचं म्हटल्यावर बायकोने नवऱ्याला फर्मान सोडलं.

"अहो, तुमच्या खोलीत ती घडीची खुर्ची आहे ना, ती घेऊन या. आणि लगेच या. तिथे गेलात की तुम्हाला जगाचा विसर पडतो."

मिस्त्री निघाले. त्यांची खोली क्लबच्या पार मागच्या बाजूला होती. लोकांची पिस्तुलं आणि बंदुका दुरुस्त करायची खोली ती. अरुंद, लांबच लांब, आणि टोकाला एकच खिडकी. आत शिरणाऱ्याला आपण एखाद्या नळीतच शिरलो की काय असं वाटायचं. दारापाशी काळोख, मध्ये वस्तू घट्ट धरून ठेवणारा शिकंजा ठोकलेलं टेबल आणि पलीकडे तो चौकोनी उजेड. खिडकीबाहेर गोळ्या अडवणारा मातीचा उंच बांध होता. तिकडे माणसाला फिरकायलाही बंदी होती.

खोलीला तेलाचा आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा वास होता. चाळीस वर्षं त्या वासात काढल्यावर मिस्त्रींना तो वास वाटतच नसे. त्या दिवशी मात्र दार उघडताच ते थबकले. आत पेपरमिंटचा वास येत होता.

पेपरमिंट म्हणजे मामा. आता मामा कोण ते सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकायची नाही. मिस्त्रींच्या बायकोचा थोरला भाऊ, मिस्त्रींचा मेहुणा, जोडीदार आणि जिवलग मित्र. सगळा क्लब त्याला मामाच म्हणायचा, अगदी त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. गालात सदैव पेपरमिंटची गोळी आणि जिभेवर कायम थट्टा. गेल्या वर्षी तो झोपेतच गेला. जातानासुद्धा कोणाला त्रास दिला नाही, असं लोक म्हणाले. बायको म्हणाली, "दादाने आयुष्यात एवढी एकच गोष्ट गुपचूप केली."

मामाला एकच डोळा होता. डावा काचेचा.

त्याची हकीकत अशी. हे दोघं तरुण असताना एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिकले. उस्तादाचा नियम कडक होता. कुठलंही हत्यार हातातून सोडायच्या आधी नळी सुटी करायची, खिडकीकडे धरायची आणि आरपार बघायचं. नळीत काही अडकलं असेल तर अंधार दिसतो. साफ असेल तर पलीकडचा उजेड दिसतो. "नळी रिकामी आहे," असं कोणी म्हटलेलं त्याला चालायचं नाही. माणूस रिकामा असतो, नळी नाही, म्हणायचा. विचारायचं, "उजेड आहे का?" आणि डोळ्याने बघूनच सांगायचं, "उजेड आहे."

तीस वर्षांपूर्वी एका दुपारी मामा मिस्त्रींनी दुरुस्त केलेलं एक पिस्तूल चालवून बघणार होता. त्याने विचारलं, "उजेड आहे का रे?" मिस्त्री दुसऱ्याच कामात मान घालून बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "आहे, आहे." नळीत कोणाच्या तरी आधीच्या फुसक्या बाराची गोळी रुतून बसली होती. नळी फुटली आणि मामाचा डोळा गेला.

आपण बघितलंच नव्हतं, हे मिस्त्रींनी कोणालाही सांगितलं नाही. बायकोला नाही, मामाला तर नाहीच. मामाने कधी विचारलंही नाही. उलट त्याने या सगळ्याची थट्टाच करून टाकली. "माझा खरा डोळा त्या नळीतच कुठेतरी अडकलाय," तो म्हणायचा. "एखाद दिवशी कुठल्या नळीत सापडला तर फेकू नकोस हं गड्या, परत दे." काचेचे डोळे त्याने दोन केले होते. एक रोजचा आणि एक समारंभाचा. रोजचा जरा हिरवट निघाला, खऱ्या तपकिरी डोळ्याशी मुळीच जुळेना. मामा म्हणायचा, "बरं झालं, आता मी कोणाकडे बघतोय ते बायकांना कळत नाही." समारंभाचा घालून तो शेवटच्या प्रवासाला गेला. रोजचा मागे राहिला. तो बहिणीने पेपरमिंटच्या चपट्या डबीत ठेवला आणि डबी त्या खोलीतल्या खणात कुलूप लावून ठेवली. किल्ली तिच्या पर्समध्ये असायची.

आणि मामानेच त्या शब्दाचं मातेरंही केलं. "उजेड आहे का?" हे त्याने 'काय, कसं काय?' सारखं करून टाकलं. फोन उचलला की "उजेड आहे का?" पलीकडून, "उजेड आहे!" भाची शाळेतून आली, "उजेड आहे का गं?" "उजेड आहे, मामा!" हळूहळू सगळ्या क्लबला तीच सवय लागली. एकटे मिस्त्रीच तसं उत्तर देत नसत. फोनवर कोणी विचारलं की ते उठून खिडकीपाशी जायचे, बाहेर बघायचे आणि मगच म्हणायचे, "हो, आहे." सगळं घर त्यांना हसायचं. तेही हसायचे. आतून काय होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तर खोलीत पेपरमिंटचा वास. खणाला कुलूप तसंच होतं. डबीचाच असेल, असं मिस्त्रींनी मनाला समजावलं आणि कपाटामागे अडकलेली खुर्ची ओढायला घेतली. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"बाबा! उजेड आहे का?"

ही फटाकी. त्यांची एकुलती एक लेक. धंद्याने दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांची भोकं बुजवते आणि रविवारी कागदाला पाडते, असं मामा म्हणायचा. फटाकी हे नावही त्यानेच ठेवलं होतं, कारण ती बोलायला लागली की थांबायची नाही. तीन वर्षं ती अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरून परत येत होती. यंदा पहिल्यांदाच आत पोचली होती. तिचं पिस्तूल मिस्त्रींनी स्वतः जुळवलं होतं, मूठ तिच्या पंजाच्या मापाने कोरली होती.

"काय झालं?"

"काही नाही हो. सराव करत होते. दहा झाडल्या, कागदावर भोकं आठच. मी म्हटलं नेम एवढा कसा बिघडला?"

मिस्त्रींनी खुर्ची सोडली. "आवाज कसा होता?"

"नववी जरा फुस्स झाली. वरची सरकती स्लाइड मागे आलीच नाही. मी हाताने ओढली आणि..."

"आणि?"

"आणि दहावी झाडली."

"झाडलीस? लक्ष ठेवणारा मार्शल काय झोपला होता?"

"नाही, तो लगेच आला होता विचारायला," फटाकी म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "तेवढ्यात आई कुंपणापाशी आली. तिने विचारलं, उजेड आहे का गं? मी म्हटलं, उजेड आहे! मार्शलला वाटलं, मी नळी बघितली. तो मागे फिरला. तो फिरला म्हणून मलाही वाटलं, सगळं ठीक आहे."

आई लेकीची खुशाली विचारत होती. मार्शलने तपासणी ऐकली. असला घोटाळा दुसऱ्या कुठल्या घरात झालाही नसता.

मिस्त्रींनी पिस्तूल घेतलं, गोळ्यांचं मॅगझिन निघालेलं आहे ना ते दोनदा पाहिलं, स्लाइड उतरवली आणि नळी सुटी केली. बाकीचे भाग टेबलाच्या एका बाजूला, नळी दुसऱ्या बाजूला. मग ती खिडकीकडे धरून त्यांनी डोळा लावला.

अंधार. ठार अंधार.

"दोन्ही आतच आहेत," ते म्हणाले. "एकीच्या पाठीवर दुसरी."

फटाकी मटकन स्टुलावर बसली. तिला आता कळलं की दहाव्या गोळीला आपल्या हातात काय होऊ शकलं असतं. पण ती फटाकीच. दोन मिनिटांत पुन्हा बोलायला लागली. "निघतील ना? चारच्या आत निघतील ना? बाबा, प्लीज. मला दुसरं पिस्तूल नको. क्लबचं ते 'म्हैस' तर मुळीच नको."

म्हैस म्हणजे क्लबचं राखीव पिस्तूल. वजनदार, जुनं, आणि खटका असा की ओढता ओढता माणसाचा जन्म जावा.

मिस्त्रींनी नळी शिकंज्यात लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये धरली, आत तेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत शांत बसून राहिले. लेक घड्याळाकडे बघत होती. मग पितळी गज आत घातला आणि लाकडी हातोडीने हलके ठोके द्यायला सुरुवात केली. टक. टक. टक. घाई नाही, जोर नाही. जेवणाची सुट्टी झाल्यामुळे मैदानावरचे बार थांबले होते. त्या लांबोळक्या खोलीत तेवढाच आवाज. दर ठोक्यानंतर टोकाच्या खिडकीपाशी कोणीतरी तसाच ठोका देतंय असं फटाकीला वाटत होतं. बंद खोलीत आवाज घुमतोच, तिने मनाशी म्हटलं.

टप्. दोन शिशाचे गोळे एकमेकांत रुतलेले, टेबलावर पडले.

"निघाल्या!" फटाकी ओरडली. नेमक्या त्याच वेळी दारात तिची आई.

"खुर्ची आणायला पाठवलं की हे तिथेच संसार थाटतात," ती म्हणाली. मग हकीकत ऐकून तिने लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला, लगेच तिला पोटाशी धरलं, आणि दोन्ही करून झाल्यावर स्वतःच नळीला डोळा लावला. चाळीस वर्षं मिस्त्रींचा संसार केलेली मिस्तरीण ती, बघायचं कसं ते तिला बरोबर माहीत. "उजेड आहे! चांगला लख्ख आहे!"

"मी बघते... उजेड आहे!" लेक म्हणाली. "बाबा, तुमच्यासारखा माणूस नाही जगात!"

"चल, दोन घास खाऊन घे. हे जोडून आणतील." दोघी मायलेकी हसत बाहेर पडल्या. त्यांचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं, मग तेही थांबलं.

मिस्त्री एकटे राहिले. मन हलकं झालं होतं. त्यांनी शीळ वाजवायचाही प्रयत्न केला, खरं तर त्यांना शीळ येत नसे. गजाला कापड गुंडाळून नळी पुसली. आता जोडायची आणि द्यायची. फक्त उस्तादाचा नियम. हातातून सोडायच्या आधी स्वतः बघायचं.

नळी शिकंज्यातच खिडकीच्या रोखाने होती. ते वाकले.

उजेड होता. गोल, स्वच्छ. पण मध्यावर कुठेतरी एक अगदी बारीक काळी रेघ, कड्यासारखी वाटोळी.

तेल असेल, मिस्त्री म्हणाले. पुन्हा पुसलं. पुन्हा पाहिलं. कडं होतंच. सावली असेल. शिवाय आपल्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, डॉक्टर म्हणालाच आहे. माणसाला एखादी गोष्ट नको असली की तो किती कारणं शोधतो बघा. ते कडं म्हणजे काय असू शकतं, ते मिस्त्रींइतकं कोणाला ठाऊक? मागच्या गोळीने पुढच्या अडकलेल्या गोळीला धडक दिली की नळी तिथे आतून फुगते. बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या शंभर गोळ्या सुरळीत जातील, नाहीतर पहिलीच नळी फाडून बाहेर येईल. पण बाहेर लेक आनंदाने जेवत होती. तीन वर्षं. आणि दोघींनी बघून सांगितलंच होतं की, उजेड आहे.

मिस्त्रींनी ओठ उघडले. "उजे..."

आणि नळीतला उजेड गेला.

क्षणभर पूर्ण काळोख. मग पुन्हा आला. पुन्हा गेला. पुन्हा आला.

त्यांनी दचकून मान वर केली. खिडकीपाशी कोणी नव्हतं. बाहेर बांधाची माती उन्हात तापत होती. त्यावरचं गवत हलतही नव्हतं. पेपरमिंटचा वास मात्र आता एवढा दाट झाला होता की जिभेवर गारवा जाणवावा.

"कोण आहे...?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच जेमतेम ऐकू आला.

पळून जावंसं वाटत होतं. पण नळी तशीच टाकून त्या खोलीतून बाहेर पडणं त्यांच्या हाडात नव्हतं. ते पुन्हा वाकले. हळूहळू. डोळा लावला.

पलीकडून कोणीतरी बघत होतं.

तपकिरी डोळा. ओला. मध्ये काळी बाहुली, तिच्यात खिडकीचा चौकोन चमकत होता, आणि भोवती ते काळं कडं, काजळाने ओढल्यासारखं ठळक. डोळा हलत नव्हता. हात टेबलाच्या कडेवर घट्ट बसले. ते त्या डोळ्याला ओळखत होते. तीस वर्षांत पाहिला नव्हता, तरी ओळखत होते. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट अशी की तो डोळा रागावलेला नव्हता. त्याच्या कोपऱ्याला सुरकुती पडली होती. मामा थट्टा करायच्या आधी पडायची तशी.

"गड्या..." मिस्त्री कुजबुजले. "मी... मी तेव्हा..."

डोळा वाट बघत राहिला.

तीस वर्षांपूर्वी जे उत्तर द्यायला हवं होतं, ते आता कुठे मिस्त्रींच्या तोंडून बाहेर पडलं. "उजेड नाही," ते म्हणाले. "नाही रे. उजेड नाही."

डोळा मिटला. मग नळीत नुसता उजेड होता, आणि ते कडं. आता मोतीबिंदूवाल्यालाही दिसेल एवढं स्पष्ट.

त्यांनी गजावर घट्ट कापड गुंडाळलं आणि सावकाश आत सरकवलं. कापड सगळीकडे अडून अडून जात होतं. त्या एका जागी मात्र ते सैल पडलं. दुधाचा दात हलावा तसं, जरासंच. शंका उरली नाही.

बाहेर मायलेकी सावलीत बसून जेवत होत्या. मिस्त्रींचा चेहरा बघून बायको उठली. "काय हो? भूत बघितलंत की काय?"

"या नळीतून गोळी जाणार नाही," ते म्हणाले. "आतून फुगली आहे."

"बाबा, आम्ही दोघींनी बघितलं!" फटाकीचे डोळे भरून आले. "उजेड आहे! तुम्हाला दिसत नाही नीट, तुम्हीच परवा म्हणालात. एकदाच, बाबा. वीस गोळ्या. तीन वर्षं मी..."

"म्हैस घेऊन खेळ. हरलीस तरी चालेल."

"तुम्हाला चालेल!"

मिस्त्री जेवणाच्या डब्याशेजारी जमिनीवरच बसले. आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं ते काढायला त्यांना गज लागला नाही, हातोडी लागली नाही. "तुझ्या मामाने मला विचारलं होतं, उजेड आहे का," ते म्हणाले. "मी म्हटलं, आहे. मी बघितलंच नव्हतं, बाळा. मान वर केली नव्हती. त्याचा डोळा माझ्या त्या एका शब्दाने गेला. तो शब्द मी आज पुन्हा म्हणणार नाही."

फटाकी गप्प झाली. ही घटना तिच्या आयुष्यात फार वेळा घडलेली नाही. मिस्त्री बायकोकडे बघायचं धाडस करेनात. तिचा भाऊ होता तो.

"माहीत आहे मला," बायको म्हणाली.

"काय?"

"दादाने इस्पितळातच सांगितलं होतं. तो पिस्तूल घेऊन तुमच्या पाठीमागेच तर उभा होता. तुम्ही मान वर केली नाहीत, ते त्याने बघितलं होतं. तरी घाईत झाडली. म्हणाला, चूक निम्मी माझी आहे. आणि म्हणाला, त्याला बोलू नकोस. बोललीस तर बिचारा धंदा सोडून देईल. नाही बोललीस तर जन्मभर प्रत्येक नळी दोनदा बघेल. एक डोळा गेला माझा, पण बाकीच्या गावाचे वाचतील." ती डोळे पुसत हसली. "आणि पुढे कधीतरी म्हणाला, शिवाय तो फोन आला की खिडकीकडे पळतो ना, ते बघायला फार मजा येते."

मिस्त्री आधी रडले, मग हसले, मग दोन्ही एकदम करायला लागले. फटाकीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. "चला," ती नाक ओढत म्हणाली. "म्हशीला चारा घाला. चार वाजायला आले."

अंतिम फेरीचं वर्णन मी करत बसत नाही, कारण फटाकी स्वतः ते अजून सगळ्यांना करते आणि दर वेळी त्यात एक गोळी वाढते. एवढंच सांगतो. म्हशीचा खटका ओढताना तिच्या कपाळाच्या शिरा फुगत होत्या. पहिल्या पाच गोळ्या इकडे तिकडे भरकटल्या. मग तिला त्या खटक्याची लय सापडली. शेवटची गोळी अशी मधोमध बसली की क्लबच्या सेक्रेटरीने तो कागद आणखी तिघांना दाखवला. तिसरा नंबर! कांस्यपदक! बायको पूर्ण दोन तास उभी होती आणि निकाल लागताच तिने चक्क उडी मारली. गुडघ्यांची आठवण तिला थेट दुसऱ्या दिवशी झाली. खुर्ची कपाटामागेच अडकलेली राहिली.

सहाच्या सुमाराला तिघं पुन्हा खोलीत आली. उन्हं तिरपी झाली होती. मिस्त्रींनी नळी शिकंज्यात आडवी धरून करवतीने लांबीत दोन फाका केल्या, लेकीला दाखवायला. आत ते कडं होतं. आणि कड्याच्या एका बाजूने केसाएवढी चीर निघाली होती, जवळजवळ बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेली.

फटाकीने बोट लावून बघितलं. "किती गोळ्या टिकली असती?"

"बहुतेक एकही नाही," मिस्त्री म्हणाले.

फटाकीने गळ्यातलं पदक काढलं. "हे मामाचं," ती म्हणाली. "आई, किल्ली दे. डबीपाशी ठेवते."

बायकोने पर्समधून किल्ली काढली, खण उघडला, डबी बाहेर घेतली आणि झाकण उघडलं. जळक्या दारूचा ताजा, कडू वास आला. आत मऊ कापडावर मामाचा रोजचा डोळा होता. त्याच्या बाहुलीभोवती काजळीचं बारीक, वाटोळं कडं उमटलं होतं. मिस्त्रींनी माप लावलं. नळीच्या तोंडाचं माप. केसाचाही फरक नव्हता.

"पुसलं जाईल," बायको हळूच म्हणाली आणि रुमालाने पुसायला लागली. कडं निघालं. तरी तिचा हात थांबला. ती तो डोळा घेऊन खिडकीपाशी गेली, उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"अहो..." ती म्हणाली. "दादाचा हा डोळा हिरवट होता ना?"

तिच्या तळहातावरचा डोळा तपकिरी होता.

मग तिने तो जपून डबीत ठेवला, पदक शेजारी ठेवलं आणि झाकण लावायला गेली. मिस्त्रींनी तिचा हात धरला.

"पूर्ण लावू नकोस," ते म्हणाले. "त्याला उजेड राहू दे."

आता ती डबी खिडकीच्या कट्ट्यावर अर्धवट उघडी असते, शिकंज्याकडे तोंड करून. गिऱ्हाइकांनी विचारलं तर मिस्त्री सांगतात, पेपरमिंटची आहे. मोतीबिंदू काढून झाला, नजर आता स्वच्छ आहे. तरी कधी कधी एखादी साफ, निर्दोष दिसणारी नळी ते डोळ्याला लावतात आणि आतला उजेड एकदा जातो नि परत येतो. मिस्त्री घाबरत नाहीत. नळी बाजूला ठेवतात, गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगतात आणि ती पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतात.